अक्षराच्या उंचीबद्दल

उदगीर,
१९ जून २०२३

चि. सुकन्यास,
चन्नबसप्पा मामाचे शरणु शरणार्थी आणि आशीर्वाद.

पत्र बघून नवल करू नकोस. कानातलं मशीन आता कामाचं राहिलं न्हाई. फोनवर तू बोलतीस ते मला नुसती घरघर ऐकू येते, आणि मोबाईलवरची अक्षरं दिसत न्हाईत. जनावरांच्या दवाखान्यात तीस वर्षं ड्रेसर म्हणून रजिस्टर लिहिलं, ती सवय हाताला हाय. म्हणून कागद घेतला.

काम आपल्या नातीचं, अक्षराचं हाय. अकरा पूर्ण झाली, सहावीत गेली. शाळा उघडली तवा मीच सोडायला गेलो. नव्या बाई आल्यात. त्यांनी तिला दुसरीच्या रांगेत नेऊन उभं केलं. आपली नात काही बोलली न्हाई, उभी राहिली. प्रार्थना संपली, दुसरीचा वर्ग निघाला, ती त्यांच्या मागं निघाली. मी पुढं होऊन सांगितलं, बाई, ही सहावीची हाय. त्या तिच्याकडं बघतच राहिल्या. म्हणाल्या, "आजोबा, जन्मतारखेत काही घोळ तर नाही ना?"

घरी येऊन टेपनं मोजलं. एकशेएकोणीस सेंटिमीटर. सातव्या वर्षी शाळेच्या कार्डावर एकशेपंधरा लिहिलंय. चार वर्षांत चार सेंटिमीटर. करडूसुद्धा चार महिन्यांत याहून जास्त वाढतंय.

गेल्या उन्हाळ्यात तू आली होतीस तवा सांगितलं होतंस, तुमच्या नांदेडच्या संस्थेत उंदराच्या मेंदूत केसासारखी तार बसवून बारीक करंट देता, आणि वाढीचा हार्मोन रक्तात उतरतो. अक्षराला तसा करंट देता येईल का? तुझ्या साहेबांशी बोल. मी सही द्यायला तयार हाय, रुद्रेशही देईल. दिवसभर धान्याच्या मोंढ्यात असतो, पण पोरीचा बाप हाय शेवटी.

गंगम्माला विचारलं. म्हणाली, तुम्हाला योग्य वाटेल ते करा. सून फार बोलत न्हाई. धाकटा संगमेश हौदात पडून गेला त्याला याच वैशाखात चार वर्षं झाली, तवापासून तर न्हाईच.

लवकर उत्तर दे.

तुझा मामा

*

नांदेड,
२७ जून २०२३

तीर्थरूप मामांस,
शरणु शरणार्थी.

तुमचं पत्र दोनदा वाचलं. आधी करंटचं सांगते, कारण तो विचार तुम्ही आजच सोडावा असं मला वाटतं.

मेंदूच्या तळाशी एक लहानसा भाग आहे. त्याच्या खाली वाटाण्याएवढी ग्रंथी लोंबते. वरचा भाग हुकूम देतो, खालची ग्रंथी हार्मोन सोडते. हुकूम दोन असतात, एक 'सोड' आणि दुसरा 'थांब'. आम्ही तार 'सोड' म्हणणाऱ्या जागी नेतो, करंट देतो आणि दर पंधरा मिनिटांनी रक्ताचे थेंब घेऊन हार्मोन किती चढला ते बघतो. तारेचं टोक केसभर सरकलं तर उलटं होतं. हार्मोन खाली जातो, आणि करंट बंद केल्यावर मग एकदम उसळतो. इतकं ते नाजूक आहे.

आणि टोक नेमकं कुठं होतं हे कळायला शेवटी उंदीर मारावा लागतो. मेंदूचे काप करून बघतो. हे मी उन्हाळ्यात तुम्हाला सांगितलं नव्हतं. घरात सगळे कौतुकानं ऐकत होते, म्हणून गाळलं. आता सांगते, कारण तुम्ही सहीची भाषा करताय. हे औषध नाही, मामा. हुकूम कसा चालतो एवढंच आम्ही शोधतोय.

अक्षरासाठी वेगळा रस्ता आहे. लातूरला लहान मुलांच्या हार्मोनचे डॉक्टर आहेत, त्यांचं नाव आणि पत्ता सोबत लिहिला आहे. ते एक गोळी देऊन अडीच तासांत पाच वेळा रक्त घेतील आणि मेंदूचा एमआरआय काढतील. ग्रंथी कमी पडत असेल तर हार्मोनची इंजेक्शनं मिळतात. ती रोज घ्यावी लागतात. उशीर करू नका. वाढीची वर्षं एकदा गेली की परत येत नाहीत.

गंगम्माला माझा नमस्कार सांगा. तिनंही सोबत जावं. एवढ्या सुया टोचताना पोरीला आई जवळ हवी.

तुमची,
सुकन्या

*

उदगीर,
२१ ऑगस्ट २०२३

चि. सुकन्यास आशीर्वाद.

लातूरला दोनदा जाऊन आलो. रुद्रेश, मी आणि अक्षरा. गंगम्मा आली न्हाई, तिचा सोमवार होता.

पोरगी धीराची हाय. पाच वेळा रक्त घेतलं, एकदाही हात मागं ओढला न्हाई. नर्स म्हणाली, इतकी शांत पोरगी मी पाहिली न्हाई. मला अभिमान वाटला.

एमआरआय चांगला निघाला. ग्रंथी जागेवर, आकारानं बरोबर, कुठं गाठ न्हाई. पण रक्तात हार्मोन जवळजवळ न्हाईच. डॉक्टर म्हणाले, का ते सांगता येत न्हाई, पण कमी हाय हे नक्की, इंजेक्शन सुरू करू. आता रोज संध्याकाळी मीच देतो. कान गेले तरी हात अजून हलत न्हाई. ती फ्रॉकची कड वर धरते, मी मांडीत सुई देतो, ती "झालं, अज्जा?" म्हणते आणि जाते. आवाज ऐकू येत न्हाई, पण ओठांवरून कळतं.

तुझे उपकार झाले. कार्तिकापर्यंत फरक दिसेल म्हणालेत.

मामा

*

(पोस्टकार्ड)
उदगीर, ५ जानेवारी २०२४

चि. सुकन्या,
साडेचार महिने झाले. एकही सुई चुकली न्हाई. वाढ अर्धा सेंटिमीटर. लातूरचे डॉक्टरही विचारात पडलेत, म्हणाले इतका कमी फरक सहसा दिसत न्हाई. औषध बर्फात ठेवूनच आणतो. चूक कुठं हाय ते मला कळत न्हाई. तुला काही सुचतं का बघ.
मामा

*

नांदेड,
१५ जानेवारी २०२४

तीर्थरूप मामांस,
शरणु शरणार्थी.

कार्ड मिळालं. उत्तराला वेळ लागला, कारण एक गोष्ट तुम्हाला सांगू की नको हे ठरत नव्हतं.

आमच्या उंदीरघरात शेषेराव म्हणून एक गृहस्थ आहेत. मूळचे लोह्याकडचे, बावीस वर्षं उंदरांना खाणंपिणं देतात, पिंजरे धुतात. ऑगस्टात त्यांचं हर्नियाचं ऑपरेशन झालं आणि ते तीन महिने रजेवर गेले. त्यांच्या जागी आलेला माणूस उंदराला शेपटीला धरून उचलायचा, पिंजरे आपटायचा. मी तेव्हा लक्ष दिलं नाही.

सप्टेंबरपासून आमचे आकडे पडायला लागले. तीच तार, तोच करंट, तेच खाणं, आणि हार्मोन चढेना. मी यंत्र बदललं. तपासणीचं रसायन बदललं. मग वाटलं, तारा सरकल्या असतील. सहा उंदीर मारून मेंदूचे काप केले. सहाही तारांची टोकं बरोबर जागी होती. कुणाच्याही डोक्यात काही बिघडलेलं नव्हतं.

डिसेंबरात शेषेराव परत आले. पहिल्या दिवशी त्यांनी पिंजऱ्यात हात घातला आणि बराच वेळ तसाच ठेवला. एकही उंदीर जवळ आला नाही, सगळे कोपऱ्यात. ते म्हणाले, "मॅडम, ह्यांना कुणीतरी भेवडलंय. पंधरा दिवस करंट देऊ नका."

"पंधरा दिवस काय करणार?"

"काही न्हाई. सकाळ-संध्याकाळ हातात घेतो."

त्यांनी तेवढंच केलं. पंधरा दिवसांनी करंट दिला आणि हार्मोन पूर्वीसारखा चढला. मामा, 'सोड' म्हणणारी जागा शाबूत असते, ग्रंथी शाबूत असते, पण भ्यालेल्या जिवाच्या मेंदूत 'थांब'चा हुकूम इतका वरचढ होतो की आमचा करंटही हरतो.

दुसरीकडच्या संशोधकांनी उंदराच्या पिल्लांवर हे फार आधी पाहिलंय. पिल्लू आईपासून तोडलं की थोड्याच वेळात हार्मोन उतरतो. दूध दिलं, ऊब दिली तरी वर येत नाही. आई शेजारी नुसती पडून असली, चाटत नसली, तरीही येत नाही. ओल्या कुंचल्यानं पिल्लाची पाठ घासली, आई चाटते तशी, की येतो.

रागावू नका, पण विचारते. अक्षराला घरात कुणाची भीती वाटते का? ती कुणाजवळ झोपते? तिला कुणी जवळ घेतं का?

सुकन्या

*

उदगीर,
२९ जानेवारी २०२४

चि. सुकन्यास.

तुझं पत्र वाचून वाईट वाटलं. तूही याच घरात दहावीपर्यंत वाढलीस. इथं पोरांना कुणी शेपटीला धरून उचलत न्हाई.

विचारलंस म्हणून सांगतो. अक्षराला आजवर कुणी बोट लावलेलं न्हाई. रुद्रेश तिच्यावर आवाज चढवत न्हाई. गंगम्मा तर एक शब्द लागेल असा बोलत न्हाई. बोलतच न्हाई म्हण. दोघी दिवसदिवस एका घरात असतात, भांड्याला भांडं लागत न्हाई. पोरीचं ताट वाढलेलं असतं, डब्यात पोळी असते, कपडे धुतलेले असतात. सगळ्यांची जेवणं झाल्यावर ती स्वयंपाकघरात एकटी बसून जेवते, तिला तसंच आवडतं. झोपायला माझ्या खोलीत असते, दाराजवळच्या बाजेवर. आधी आईजवळ झोपायची. संगमेशला माती दिली त्या दिवशी तिचं अंथरूण इकडं आलं ते इथंच राहिलं.

संगमेशच्या वेळेला ती हौदाजवळ होती, तिचं लक्ष न्हवतं. सात वर्षांचं पोर, तिला काय कळणार. आम्ही कुणी त्यावरून तिला बोललो न्हाई. दोनदा मी म्हणालो असेन की बाळ, लक्ष ठेवायला पाहिजे होतं. तेही मायेनं.

लातूरच्या डॉक्टरांनीही विचारलं होतं, घरात काही दुःख, काही ताण? रुद्रेश न्हाई म्हणाला, मीही मान हलवली. घरातलं माणूस गेलेलं दवाखान्यात कशाला काढायचं. उंचीचा आणि त्याचा काय संबंध?

मामा

*

नांदेड,
८ फेब्रुवारी २०२४

तीर्थरूप मामांस,
शरणु शरणार्थी.

मी बोलले ते मनावर घेऊ नका. या घरानं मला काय दिलं हे मी विसरलेले नाही.

एक विनंती आहे. वार्षिक परीक्षा झाली की अक्षराला माझ्याकडे पाठवा. इंजेक्शनाची वेळ, खाणं, मोजमाप सगळं माझ्या देखरेखीखाली राहील, आणि कुठं चुकतंय ते कळेल. मी एकटीच असते, दोन खोल्या आहेत. खाली घरमालकीण पुनमताई असतात, मी कामाला गेले की त्या बघतील. लागलं तर सहा महिने राहू दे, इथल्या शाळेत नाव घालता येईल. तुम्ही याला उपचार समजा आणि घरातही तसंच सांगा.

सुकन्या

*

नांदेड,
१२ ऑगस्ट २०२४

तीर्थरूप मामांस,
शरणु शरणार्थी.

आनंदाची बातमी. एप्रिलच्या अखेरीस अक्षरा आली तेव्हा एकशेवीस होती. काल एकशेचोवीस भरली. साडेतीन महिन्यांत चार सेंटिमीटर. औषध लागू पडलं.

पहिले पंधरा दिवस ती जेवायच्या वेळी स्वयंपाकघराच्या दाराशी उभी राहायची. बस म्हटल्याशिवाय बसायची नाही. मी ताट घेतलं की ती पाणी आणायला उठायची, ती परत येईपर्यंत माझं जेवण व्हावं म्हणून. मी न जेवता तिच्यासाठी थांबले तेव्हा गोंधळली. आता माझ्या ताटातला पापड उचलते. पुनमताई तिचे केस विंचरतात तेव्हा त्यांच्या मांडीवर डोकं टाकून झोपते. झोपेत माझ्या अंगावर पाय टाकते, आणि तो पाय आता चांगला जड झालाय. परवा शाळेत एका मुलीशी भांडून आली. बाईंनी चिठ्ठी दिली. मी चिठ्ठी जपून ठेवलीय.

गंगम्माला सांगा, काळजी करू नको.

सुकन्या

*

उदगीर,
२० डिसेंबर २०२४

चि. सुकन्यास आशीर्वाद.

औषध लागू पडलं हे वाचून रुद्रेश म्हणाला, मग तेच औषध आपण इथं देऊ, पोर परक्या गावी कशाला ठेवायची. गणपती झाल्यावर तो घेऊन आला, तू मना केलंस तरी. मी रोज सुई देतोय. आज मोजलं. एकशेचोवीस अन् वर टेपवरच्या दोन बारीक रेघा. तुझ्याकडून आली तवा तेवढीच होती.

आल्यावर आठवडाभर बोलत होती. तिथल्या शाळेचं सांगायची. ऐकायला कुणी थांबत न्हाई हे तिच्या ध्यानात आलं असेल. मला तर ऐकूच येत न्हाई. आता पुन्हा सगळ्यांच्या मागून जेवते.

मागल्या आठवड्यात तिला ताप आला. गंगम्मानं गोळी आणि पाण्याचा तांब्या तिच्या उशाशी ठेवला. पोरीनं डोळे उघडून बघितलं. गंगम्मा मागं वळली आणि बाहेर गेली. कपाळाला हात लावला न्हाई. मी खुर्चीत बसून हे बघत होतो. अशी गोळी ठेवताना मी तिला शंभर वेळा बघितलं असेल, पण त्या दिवशी तुझं उंदरांचं पत्र आठवलं. पेटीतून काढून पुन्हा वाचलं.

खरं सांग सुकन्या. तुझ्याकडं तिला काय दिलंस?

मामा

*

नांदेड,
२७ डिसेंबर २०२४

तीर्थरूप मामांस,
शरणु शरणार्थी.

मी तुम्हाला खोटं लिहिलं होतं.

अक्षराला मी मे महिन्यानंतर एकही इंजेक्शन दिलेलं नाही. ती आल्यावर मी तिला घेऊन लातूरला गेले आणि डॉक्टरांना सगळं सांगितलं, संगमेशचं, अंथरुणाचं, एकटीनं जेवण्याचं. ऐकून ते म्हणाले, "हे मला पहिल्याच दिवशी कळायला हवं होतं." त्यांनीच औषध थांबवायला सांगितलं. जुलैत पुन्हा तीच तपासणी केली, गोळी आणि पाच वेळा रक्त. हार्मोन भरपूर होता. तिच्या डोक्यात कधीच काही बिघडलेलं नव्हतं. असं मुलांमध्ये होतं, क्वचित होतं, पण होतं. जीव घाबरून आक्रसला की वाढ थांबते, आणि जागा बदलली, माया मिळाली की सुरू होते.

मी तिला काही दिलं नाही, मामा. शेजारी झोपवलं आणि सोबत जेवले.

हे ऑगस्टात का लिहिलं नाही? कागद पुढ्यात घेतला होता. पण गंगम्माचा चेहरा समोर आला. जिचं एक पोर गेलं तिला मी काय लिहू, की दुसरं तुझ्या घरात वाढत नाही? म्हणून औषधाचं नाव घेतलं. वाटलं, सगळ्यांची सोय होईल. रुद्रेश न्यायला आला तेव्हाही खरं बोलायला तोंड उघडलं नाही. पोर जिन्यावरून उतरताना दोनदा मागं बघत होती आणि मी हात हलवत होते. माझ्या भलेपणापायी तिचे तीन महिने गेले. बाराव्या वर्षी तीन महिने फार असतात.

तिला परत पाठवा. पत्र गंगम्माला दाखवायचं की नाही ते तुम्ही ठरवा. मी ठरवलं होतं ते चुकलं.

सुकन्या

*

उदगीर,
१६ जानेवारी २०२५

सुकन्याअक्कांना गंगम्माचा नमस्कार.

मामंजींनी तुमचं पत्र माझ्या हातात दिलं अन् भायेर जाऊन बसले. मी वाचलं. सातवी शिकलेली हाय, लिवायची सवय न्हाई, चुकलं तर समजून घ्यावा.

तुमाला वाटत असंल मी पोरीवर राग धरला. समद्यांना तसंच वाटतंय. राग न्हाई अक्का.

त्या दिशी अकरा दिसांनी नळाला पाणी आलं हुतं. मी आत कळश्या, घागरी भरून ठेवू लागले. हौदाचं फळकूट काढलेलं. मी अक्षराला म्हनलं, बाबूकडं बघ. ती बसली संगमेशचा हात धरून. मला आत एक कळशी कमी पडली. मीच हाक मारली, अक्षरा, दारातली कळशी आण लवकर. ती म्हनली, अव्वा, बाबू हाय हितं. मी म्हनलं, आण म्हनते न्हवं. ती उठून कळशी घेऊन आली. तेवढ्यात झालं.

लोकं गोळा झाली. कुणीतरी म्हनलं पोरीचं ध्यान न्हवतं. मग समदेच म्हनले. तिचे अप्पा म्हनले, मामंजी म्हनले. मी तोंड उघडलं न्हाई. त्या दिशी उघडलं न्हाई, मग दुसऱ्या दिशी कसं उघडू. असं करत साडेपाच वर्सं झाली.

तिला समदं ठावं हाय. कुणाला सांगितलं न्हाई. तिच्याकडं बघितलं की तेच दिसतंय, आता सांगंल, मग सांगंल. मला माझ्या पोरीचं भ्या वाटतंय अक्का. जवळ घ्यायला जावं तर हात जागचा हलत न्हाई. ती माझ्यापायी लहान राहिली हे मला ठावं न्हवतं. तुमच्या पत्रानं कळलं.

काल तिला बोलावलं, ये, वेणी घालते. आली. पाठ करून बसली. अंग लाकडावानी. दोन वेण्या घातल्या, ती उठून गेली. मी कंगवा धरून बसले.

तिला न्यावा. हितं ठेवून मी अजून काय बिघडवणार.

गंगम्मा

*

नांदेड,
२१ जानेवारी २०२५

गंगम्मा,

रविवारी सकाळच्या गाडीनं मी येते. अक्षराचे कपडे भरून ठेव, दाखला रुद्रेशला काढायला सांग.

तुला दोष द्यायला मी येत नाही. पण नेण्याआधी एक गोष्ट तुला करावी लागेल. तू मला लिहिलंस ते तिच्यासमोर, रुद्रेशसमोर आणि मामांसमोर एकदा तोंडानं सांग. मामांना ऐकू येत नाही, त्यांना हेच पत्रात लिहिलंस तसं कागदावर लिहून दे. पोरीनं हे ओझं घेऊन माझ्याकडं येऊ नये. तिच्या अंगात 'थांब' म्हणणारं जे काही आहे, ते माझ्या मायेनं अर्धंच निघेल. बाकीचं तुझ्याकडं आहे.

जमणार नसेल तर तसं सांग. मी तरीही येईन.

सुकन्या

*

उदगीर,
१८ जून २०२५

चि. सुकन्यास आशीर्वाद.

तू अक्षराला घेऊन गेलीस त्याला पाच महिने होत आले. मी लिहिलं न्हाई, कारण लिहिण्यासारखं काही न्हवतं.

त्या रविवारी गंगम्मा बोलत होती तवा मी कागद वाचत होतो. वाचून मान वर केली तर रुद्रेश उभा होता आणि पोरगी जमिनीकडं बघत होती. ती रडली न्हाई. मला वाटलं होतं आईला बिलगेल. ती चपला घालून तुझ्याजवळ येऊन उभी राहिली, गाडी चुकेल म्हणाली. ओठांवरून कळलं. ते माझ्या डोळ्यापुढून जात न्हाई.

रुद्रेश दीड महिना गंगम्माशी बोलला न्हाई. आता कामापुरतं बोलतो. गल्लीत कळलं, बाया तिच्याकडं यायच्या थांबल्या. ती कुणाला काही म्हणत न्हाई. पण एक झालंय, आता ती माझ्या पुढ्यात बसून जेवते.

मी मात्र पोरीला दोनदा म्हणालो होतो, लक्ष ठेवायला पाहिजे होतं. मायेनं म्हणालो असं तुला लिहिलं होतं. तिनं दोन्ही वेळा खाली मान घातली होती आणि मी समजलो होतो, पोरगी समंजस हाय. तिची माफी कशी मागायची ते मला सुचत न्हाई. माझ्या वतीनं तू तिला सांगशील का, की मीच सांगायला पाहिजे?

दुसरं. गंगम्मानं शिलाई मशीन दुरुस्त करून आणलंय. कापड आणलंय, निळं, बारीक फुलांचं. मला म्हणाली, मामंजी, तिचं माप मागवा. जुन्या मापानं आता होणार न्हाई.

मामा

*

नांदेड,
६ जुलै २०२५

तीर्थरूप मामांस,
शरणु शरणार्थी.

अक्षरा एकशेतीस झाली. डॉक्टर म्हणाले, अजून दोन-तीन वर्षं वाढेल, पण गेलेलं सगळं भरून येणार नाही. वर्गाच्या रांगेत ती पहिलीच उभी राहील, आणि बहुतेक पुढंही बुटकीच राहील. हे तुम्हाला आता लपवून सांगणार नाही.

माझं उंदरांचं काम संपलं. अहवालात मी शेषेरावांच्या पंधरा दिवसांचं लिहिलं. वरिष्ठांनी तो भाग काढायला सांगितला, म्हणाले, एका माणसाचा हात मोजता येत नाही. मी काढला नाही. छापून येईल की नाही माहीत नाही.

माफीचं तुम्ही स्वतःच लिहा. तिच्या नावानं वेगळं पत्र पाठवा. तिला आजवर कुणाचं पत्र आलेलं नाही.

माप काल घेतलं. छाती सव्वीस इंच, कंबर चोवीस, खांदा अकरा, लांबी तेहतीस. टेप लावताना ती दवाखान्यात उभी राहते तशी ताठ उभी होती. म्हणाली, "काल तर उंची मोजलीस." मी म्हटलं, हे ड्रेसचं आहे, अव्वा शिवणार आहे. ती दप्तर भरत बसली. पुस्तकं घातली, काढली, पुन्हा घातली. बऱ्याच वेळानं म्हणाली, "गळा मोठा नको म्हणावं."

मी विचारलं, अव्वानं ड्रेस पोस्टानं पाठवायचा की घेऊन यायचा?

ती ताटं घ्यायला उठली. मी पुन्हा विचारलं नाही. जेवून झाल्यावर, ताट उचलता उचलता म्हणाली, "आली तर येऊ दे."

"जवळ बसली तर?"

"बसू दे."

एवढंच म्हणाली. गंगम्माला जसंच्या तसं सांगा, आपल्याकडून काही घालू नका.

तुमची,
सुकन्या